हमालाचा पत्ता

भिंगरी नेहमीच्या झोकात स्टुलावर बसली आणि तिचे दोन्ही गुडघे टेबलाच्या फळीवर खाडकन आपटले.

"आई गं!"

मामाने मान वर केली नाही. त्याच्या उजव्या डोळ्यात भिंग अडकवलेलं होतं, चिमट्याच्या टोकाला केसाएवढी स्प्रिंग थरथरत होती, आणि अशा वेळी दुकानाला आग लागली तरी मामा आधी स्प्रिंग बसवेल आणि मग बादली शोधेल, हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

"स्टूल वर कसं गेलं?" भिंगरीने गुडघे चोळत विचारलं.

"सकाळी मुंगी बसली होती." मामा स्प्रिंगच्या कानात सांगावं इतक्या हळू बोलला. "तिचे हात पोचत नाहीत गं टेबलापर्यंत. फिरव आणि घे खाली."

ते स्क्रूवर फिरणारं स्टूल भिंगरी पाच वर्षांची असल्यापासून तिचं होतं. त्याच्यावर गरगर फिरून फिरूनच मामाने तिला हे नाव दिलं. खरं नाव आता फक्त शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. ती जसजशी उंच होत गेली तसतसं मामाने स्टूल खाली खाली नेलं. आता ते तिच्या मापाला असं बसलं होतं की डोळे मिटून टेकलं तरी कोपर बरोबर टेबलाच्या कडेवर यायचं. आज पहिल्यांदाच ते दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचं झालं होतं.

मुंगी म्हणजे मावशीची मुलगी. मावशीची बदली झाली आणि तीन महिन्यांपूर्वी ती मंडळी या गावात राहायला आली. भिंगरीहून वर्षाने धाकटी, बुटकी, आणि बोलायची इतकं कमी की शब्दांना कुलूप लावून किल्ली हरवली असावी. मामाने आठ दिवसांत तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली. ही गोष्ट भिंगरीला फार लागली होती. मामा काही ऊठसूट कुणाला टोपणनाव द्यायचा नाही. आईला नव्हतं, मावशीला नव्हतं, खुद्द मामीला लग्नानंतर चौदा वर्षं झाली तरी मिळालेलं नव्हतं. एवढ्या मोठ्या घरात टोपणनावाचं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे भिंगरी.

"चाचणी परीक्षा कशी झाली?" मामाने अखेर भिंग काढलं.

"झाली. पंधरा दिवस नुसती कोंडून घातली होती आईने. कॉम्प्युटरवरचं माझं पान उघड ना मामा, त्या चौकोनी घड्याळाची पुस्तिका बघू."

"थांब, हे बघ. गंमत बघ."

मामाने काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक टिचकी मारली. भिंगरी सवयीने खुर्ची ओढून बसायच्या बेतात होती, कारण इथे पान उघडायला लागायचा वेळ तिला पाठ होता. पण पान उघडलं. मामाचं भिंग डोळ्यापर्यंत पोचायच्या आत उघडलं. पिवळटलेल्या कागदावर चाकं, दात, स्क्रू, सगळं जिथल्या तिथे, आणि मामाने बोट फिरवलं तशी पुढची पानंही लोण्यातून सुरी जावी तशी सरकली.

"मुंगीने केलंय," मामा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर, बंद पडलेलं घड्याळ वीस वर्षांनी टिकटिकलं की येतं तसलं हसू होतं. "तुझंही चांगलंच आहे हो, भिंगरे. पण हे जरा चटपटीत आहे."

त्या 'हो'ने भिंगरीचा जीव घेतला. मामा हेच 'हो' गिऱ्हाइकाला सांगायचा: घड्याळ चांगलंच आहे हो, पण आता ह्याचं काही होणार नाही.

तिने पानावर वर पाहिलं, खाली पाहिलं. मुंगीने आपलं नाव कुठेच लिहिलं नव्हतं. शेखी मिरवली असती तर निदान तिला नावं ठेवता आली असती. तीही सोय नाही.

*

खरं तर हे सगळं भिंगरीचं होतं. मामाने दोन वर्षं खपून सहाशे पुस्तिका स्कॅन केल्या होत्या; ज्या कंपन्या कधीच बुडाल्या त्यांच्या घड्याळांची पोटं कशी उघडायची, कुठलं चाक कुठे बसतं, ते सांगणाऱ्या. गावोगावचे घड्याळजी त्याला फोन करायचे, "अरे, त्या मॉडेलचं बाराव्या पानावरचं चित्र धाड ना." मामा धाडून धाडून थकला. तेव्हा भिंगरी छाती पुढे काढून म्हणाली होती, की मी असं करते, कुणालाही, कुठूनही, कॉम्प्युटरवर नवं काही न टाकता, नुसत्या ब्राउझरमध्ये पुस्तिका उघडता येईल.

कागदपत्रं दाखवणारी एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्राम, तिने शोधून काढली, आणि मुंगी नवी नवी आली तेव्हा तिच्यासमोर थाटात वर्गही घेतला. याच टेबलाशी, स्वतः स्टुलावर बसून आणि तिला खोक्यावर बसवून.

"ही लायब्ररी म्हणजे एक फाइल नाही, अख्खं लटांबर आहे. तीनशे फाइली. एक दुसरीला हाक मारते, दुसरी तिसरीला. ब्राउझर बिचारा किती जणींना दारातून आत घेणार? म्हणून हा बांधणारा प्रोग्राम. तो सगळ्यांना गोळा करतो, ज्यांचं काम नाही त्यांना घरी पाठवतो, आणि उरलेल्यांचं एक बंडल बांधतो."

"बंडल बांधतेय की मारतेय, नीट बघून घे गं मुंगे," मामा पलीकडून म्हणाला होता.

"मामा, तू गप्प बस. हां, आणि हा एक वेगळा. ह्याला वर्कर म्हणतात. मी हमाल म्हणते. पुस्तिका फोडायची, सोडवायची, ओझं उचलायचं, हे सगळं हा मागच्या मागे करतो. पुढची फाइल नुसती नटूनथटून पान दाखवते. हमाल बंडलात बांधायचा नसतो. तो वेगळा राहतो आणि पुढचीला त्याचा पत्ता द्यावा लागतो."

"कुठला पत्ता?"

"हा. शाळेने मला इंटरनेटवर दिलेल्या जागेवर मी ठेवलाय. ही ओळ आहे तशी ठेव. हिला हात लावायचा नाही, कळलं?"

मुंगीने ते वहीत उतरवून घेतलं होतं. 'हात लावायचा नाही'खाली पट्टीने दोन रेघाही मारल्या होत्या.

स्वतःचं पान करताना मात्र भिंगरीने हमालालाही उचलून त्याच बंडलात कोंबलं. दोन फाइली म्हणजे दुप्पट खटाटोप. तिला एकच फाइल हवी होती, आणि तिच्या माथ्यावर ठसठशीत अक्षरांत 'रचना आणि बांधणी: भिंगरी'. शाळेच्या नव्या कॉम्प्युटरवर ते झकास चाललं. दुकानातल्या म्हाताऱ्यावर मात्र नटणारी आणि ओझं उचलणारी एकच झाल्याने पान गोठून बसायचं, माऊससुद्धा हलायचा नाही, आणि मामा टिचकी मारून खुशाल चहा पिऊन यायचा. तो कधी काही बोलला नव्हता. भिंगरीला वाटायचं, कॉम्प्युटर जुना आहे, दुसरं काय.

*

त्या संध्याकाळी घरी तिने शाळेने दिलेली आपली जागा उघडली. तिथे भेटींची वही होती. कोण कधी आलं आणि काय मागून गेलं ते त्यात आपोआप लिहिलं जायचं. भिंगरीने आकडा वाचला आणि ती थेट स्वयंपाकघरात धावली.

"आई! दोनशे बारा!"

"कशात?"

"मार्क नाही गं! दोनशे बारा वेळा लोकांनी माझं काम मागून नेलंय. पंधरा दिवसांत! मी परीक्षा देत होते आणि तिकडे माझं नाव होत होतं!"

"लोकांनी मागितलं की तूच उठता-बसता उघडत होतीस?"

"माझा कॉम्प्युटर तर तू कपाटात कोंडला होतास."

आईला हे पटलं. तिने ओल्या हाताने लेकीच्या गालाला चिमटा काढला. भिंगरी नाचत परत आली आणि आता एकेक ओळ चवीने वाचायला बसली. तिसऱ्या ओळीवर तिचा हलता पाय थांबला. दहाव्या ओळीपर्यंत चेहरा उतरला होता.

दोनशे बारा वेळा एकच फाइल मागितली गेली होती. हमाल. तिचं पान, ते ठसठशीत नावाचं पान, कुणीही उघडलं नव्हतं. आणि मागणी येत होती ती एकाच दारातून: मामासाठी मुंगीने केलेल्या पानाकडून.

मुंगीने ओळीला हात लावला नव्हता. मामाने टिचकी मारायची, मुंगीच्या पानाने मुरका मारत पुढे यायचं, आणि ओझं वाहायला मात्र भिंगरीचा हमाल. सकाळी सात वाजता, साडेदहाला, अकराला, भिंगरी वर्गात बसून परिमिती काढत असताना तिचा हमाल तिकडे दुकानात मुंगीसाठी राबत होता.

ओझं माझं आणि शाबासकी तिची!

पहिला विचार आला तो मामाला सांगायचा. तिने फोन उचललाही. पण मामा काय म्हणणार, ते तिला शब्दन् शब्द ऐकू आलं: वा, मग झकास, दोघींचं झालं की! तिला दोघींचं नको होतं. तिला स्टूल हवं होतं, खाली, आपल्या मापाला, आणि वर नको होतं. तिने फोन ठेवून दिला.

शनिवारी दुपारी मामाचे पाच दोस्त येणार होते, पाचही घड्याळजी. त्यांना आवडलं तर आपापल्या पुस्तिका तेही मामाकडे देणार होते. दाखवणार होती मुंगी. "तूही ये गं," ती दुकानातून निघताना मामा म्हणाला होता.

शनिवारी जेवण झाल्यावर भिंगरीने आपल्या जागेवर जाऊन हमालाचं नाव बदललं, म्हणजे त्याचा पत्ताच बदलला. नुसतं बदलून तिचं समाधान होईना. जुनं नाव पुसलं आणि देवनागरीत टाइप केलं: 'बघू-आता-मुंगीबाई'. मग वेणी घातली, नवा कुडता घातला आणि शीळ घालत दुकानाकडे निघाली.

*

दुकान खचाखच भरलं होतं. भिंतीवरची तीस घड्याळं आपापल्या मताने वेळ सांगत होती आणि पाच घड्याळजी त्यांच्याकडे, लोक दुसऱ्यांच्या मुलांकडे बघतात तसे, किंचित नाक वर करून बघत होते. त्यांत एक बाई होत्या. गावातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला किल्ली द्यायचं काम त्यांचं. नखांत तेल, आवाज घंटेसारखा.

"तुमची मुंगी ती हीच का?" त्या म्हणाल्या. "वारुळातून बाहेर काढलीत म्हणायची!"

मुंगी स्टुलावर बसली होती. पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते. तिने ओठ मिटूनच हसल्यासारखं केलं आणि टिचकी मारली.

पानाच्या जागी राखाडी चौकोन आला.

तिने पुन्हा टिचकी मारली. चौकोन. दुसरी पुस्तिका. चौकोन, आणि खाली लाल अक्षरांत एक ओळ.

"घड्याळ बंद पडलं की आम्ही हलवून बघतो," एक म्हातारा घड्याळजी म्हणाला. "तसं जरा हलवून बघा."

सगळे हसले. मामाही हसला, पण त्याने भिंग काढलं आणि पुसायला घेतलं. स्वच्छ भिंग तो उगाच कधी पुसत नसे. मुंगीचे कान लाल झाले. त्यांच्या पाळ्या काचेतून आलेल्या उन्हात पेटल्यासारख्या दिसत होत्या. दाराशी उभी असलेली भिंगरी दोन दिवस याच क्षणाची वाट बघत होती. खडीसाखर म्हणून जिभेवर ठेवावी आणि ती तुरटी निघावी, तसं तिचं तोंड झालं.

मुंगीने लाल ओळ वाचली. मग तिने मान वळवली आणि थेट दाराकडे पाहिलं.

"ताई, तुझा हमाल उत्तर देत नाहीये."

सगळ्या माना वळल्या.

"माझा?" भिंगरीचा आवाज चिरकला.

"हो ना." मुंगी आता त्या पाच जणांकडे वळली, आणि तीन महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं एवढं बोलली. "माझ्याकडे नुसतं पान दाखवायचं काम आहे. ते सोपं असतं. ओझं उचलायचं सगळं ताईकडे आहे, तिच्या जागेवर. तिने शिकवलं तेव्हाच सांगितलं होतं, ती ओळ तशीच ठेव. म्हणून तर हे पटकन उघडतं. ताई, बघतेस ना जरा?"

"मी म्हटलं नव्हतं तुम्हाला, पोरी दोन आहेत म्हणून?" मामा दोस्तांना म्हणाला. मग भिंगरीकडे वळून, "अगं, अशी काय बघतेस? पहिल्याच दिवशी सांगितलं हिने मला. मला वाटलं तुला माहीत आहे. तुझाच माल, तुला काय सांगायचा?"

मुंगी स्टुलावरून उतरली. कुणी न सांगता तिने ते फिरवलं. एक, दोन, तीन फेरे, आणि आणखी अर्धा. तळव्याने थांबवलं.

"बस."

भिंगरी बसली. गुडघे फळीखाली सहज गेले. कोपर बरोबर कडेवर आलं. तिने मुंगीकडे पाहिलं.

"मी रोज जाताना करून ठेवते," मुंगी पुटपुटली. "गुरुवारी शाळेला उशीर झाला, राहून गेलं. लागलं का फार?"

भिंगरीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने आपला पासवर्ड टाइप केला, दोनदा चुकला. फाइलींची यादी उघडली. इंग्रजी नावांच्या रांगेत ते एकच देवनागरी नाव, दातांत तीळ अडकावा तसं, मधोमध दिसत होतं. भिंगरीने यादी वर सरकवायला माऊस धरला, पण म्हातारा कॉम्प्युटर नेमका तेव्हाच अडला.

मागे मुंगीचा श्वास थांबल्याचं तिला ऐकू आलं. तीस घड्याळं टिकटिकत होती.

"काय झालंय गं?" मामा पुढे यायला निघाला.

मुंगी एक पाऊल डावीकडे सरकली. तेवढ्याशा देहाने पडदा जेमतेम झाकला गेला. "काही नाही मामा, फाइल जागेवरून हललीय. होतं असं. तेवढ्यात तू त्यांना ते मोठं चाक दाखव ना, कालचं."

मामाला चाक दाखवा म्हटलं की दुसरं काही सुचत नसे. तो खणाकडे वळला. भिंगरीने एकेक अक्षर पुसलं आणि जुनं नाव टाइप केलं. टिचकी मारली.

पान उघडलं. पाचही घड्याळजी एकदम वाकले आणि डोकी एकमेकांवर आपटली. मनोऱ्याच्या बाईंनी तेलकट नख पडद्याला न लावता एका चाकाभोवती फिरवलं.

"दात मोजता येतायत हो एकेक! कुणी केलं म्हणालात हे?"

या प्रश्नासाठी भिंगरीने उन्हाळ्यापासून उत्तर घोटून ठेवलं होतं. आता मात्र तिने कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसायला घेतली.

"दोघींनी," मामा म्हणाला. "किती वेळा सांगू?"

*

दोस्त गेले. जाताना दोघांनी पुस्तिकांच्या पिशव्या तिथेच ठेवल्या, बाकीचे पुढच्या आठवड्यात आणणार होते. मामा दारापर्यंत त्यांच्यामागे बोलत बोलत गेला. मुंगी पिशव्यांतल्या पुस्तिका काढून रचत होती, कडा जुळवून, एकावर एक.

"ताई," ती पुस्तिकांकडे बघतच म्हणाली, "हमाल माझ्याकडे आणून ठेवू का? एका ओळीचं काम आहे. मग तुला ते सांभाळत बसायला नको."

तिच्या आवाजात टोमणा असेल म्हणून भिंगरीने कान टवकारले. नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नको," ती म्हणाली.

मुंगीने एक पुस्तिका उलटी होती ती सुलटी केली.

"नक्की?"

"राहू दे माझ्याकडे. मी बघते."

"बरं." थोडं थांबून मुंगी म्हणाली, "देवनागरी मात्र झकास टाइप करतेस गं तू. एकही जोडाक्षर नव्हतं म्हणा."

भिंगरीचे कान तापले. तिने चोरून पाहिलं, तर मुंगीच्या मिटलेल्या ओठांचा एक कोपरा वर गेला होता. मग ती दप्तर उचलून, मामाला हात करून, निघूनही गेली.

मामा आत आला आणि एकेक दिवा मालवायला लागला. "चला भिंगरीबाई. आई वाट बघत असेल."

भिंगरी दारापर्यंत गेली. चप्पल घातली. एक पट्टा लावला, दुसरा लावता लावता थांबली, आणि तशीच फटफट करत परत टेबलाशी आली. स्टुलावर हात ठेवून तिने ते फिरवलं. एक, दोन, तीन. स्क्रू कुरकुरला. मग अर्धा.

"आता काय फिरवतेस तिथे?" अंधारातून मामाने विचारलं.

"काही नाही," भिंगरी म्हणाली. "उद्या सकाळी मुंगी येईल ना."